फियाटच्या दोन वाट्या

१

खंडेनवमीच्या सकाळी कामठ्यात कुणी कुणाशी भांडत नाही. भांडायला सवडच नसते. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, मोटारसायकली, पाने-पक्कड, सगळं धुऊन अंगणात मांडायचं असतं आणि संध्याकाळी त्याला हळदीकुंकू लावायचं असतं. त्यामुळे शेजारच्या रहांगडाल्यांच्या अंगणातून "चोर" असा शब्द खणखणीत ऐकू आला, तेव्हा सावित्रीबाई बिसेनांनी हातातला चहा अर्धाच खाली ठेवला. अर्धा चहा टाकून उठणं ही त्यांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती.

सावित्रीबाई म्हणजे रेल्वे पोलिसातल्या निवृत्त हवालदार. निम्मं आयुष्य गोंदिया स्टेशनच्या फलाटांवर काढून त्या गावी परतल्या होत्या. गुडघे नोकरीत खर्ची पडले होते. कान आणि डोळे मात्र त्यांनी शाबूत परत आणले होते. खरे चोर त्यांनी पुष्कळ पकडले आणि विसरूनही गेल्या. विसरल्या नव्हत्या त्या अशा माणसांना, ज्यांनी काही केलं नव्हतं आणि तरी तो शब्द ज्यांना चिकटला होता. एकदा चिकटला की तो निघता निघत नाही. म्हणून त्या लंगडत, पण घाईनं निघाल्या.

अंगणाच्या मधोमध रहांगडाल्यांची डुक्कर फियाट उभी होती. नाव गावानं नाही, साऱ्या महाराष्ट्रानं ठेवलेलं. गोल पाठ आणि फुगलेले गाल बघून ते कुणालाही पटावं असंच. म्हातारे खेमराज रहांगडाले यांच्या वडिलांनी ती गोंदियातल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. बरीच वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिल्यावर, यंदा दसऱ्याला ती रस्त्यावर काढायचीच असं खेमराजांनी मनावर घेतलं होतं. रंग झाला, इंजिन सुरू झालं. राहिले होते फक्त पुढचे दिवे. त्यांच्या जागी अजून दोन काळी भोकं होती.

गाडीच्या एका बाजूला खेमराजांचा मुलगा कैलाश लालबुंद होऊन उभा होता. दुसऱ्या बाजूला मनीराम टेकाम. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडच्या पाड्यावरचा हा माणूस तरुणपणी या घरात ड्रायव्हर म्हणून आला आणि इथेच म्हातारा झाला. फियाटवर त्याच्याएवढा जीव कुणाचाच नव्हता, अगदी मालकाचाही.

"दिव्याच्या पेटीची चाबी तुमच्याजवळ. कुलूप तुटलं नाही. अन् सकाळी तुमी गाठोडं घेऊन बसवर गेल्ते, हे चायवाल्या नंदलालनं पाह्यलं," कैलाश म्हणत होता. "मंग दिव्याच्या वाट्या का उडून गेल्या?"

"मी चोरलो नाही," मनीराम म्हणाला.

"त गाठोड्यात काय होतं?"

"ते मी सांगू शकत नाही."

कुंपणापाशी जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मनीरामनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तो बघत होता खाटेवर बसलेल्या खेमराजांकडे. खेमराज मान खाली घालून बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

मनीरामनं कमरेची किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. "संध्याकाळच्या बसनं मी गावाले जातो," तो म्हणाला. "आता परत येत नाही."

२

माणसं पांगली तशी सावित्रीबाईंनी कैलाशकडे खुर्ची मागितली आणि गोठ्यात लाकडी पेटीजवळ ठाण मांडलं.

पेटी उघडी होती. आत धानाचा कोंडा, आणि कोंड्यात फडक्यांत गुंडाळलेल्या वस्तू. शेजारी लखन बसला होता, गोंदियाचा मिस्त्री. दिवे दुरुस्त करण्याचं काम त्याच्याकडे होतं. आज तो दिव्यांसाठी नवं रबर घेऊन आला, पूजेआधी जोडणी करावी म्हणून पेटी उघडली आणि हा सगळा घोळ समोर आला.

"मले समजावून सांग," सावित्रीबाई म्हणाल्या. "दिव्यात काय काय असते?"

"देखो मावशी, सामनेसे काच. काचेभोवती ही चमकीली कडी. आत बल्ब. अन् बल्बच्या मागं ही मोठी वाटी, रिफ्लेक्टर. पितळेची राहते, आतून चांदीचं पानी दिल्लं राहते. तिच्यामुळंच उजेड समोर फेकला जाते. या गाडीच्या वाट्या काळ्या पडल्या होत्या. नागपुरात एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडून चांदी चढवून आणली. सहा महिने लागले."

"अन् आता काय गेलं?"

"सिर्फ वाट्या. काच आहे, कडी आहे, बल्ब आहे. अजीब बात है."

"काऊन अजीब?"

लखननं एक काच उचलून उजेडात धरली. "वाटी पुन्हा चांदीची करता येते. पर ये काच आता कुठंच मिळत नाही. चोर मैं होता तो काच उचलता."

सावित्रीबाईंनी काच हातात घेतली. ती स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की धरल्याचा भास होईना. मग त्यांनी एक कडी उचलली, पदरानं पुसावी तसं तिच्या आतून बोट फिरवलं आणि थांबल्या. खोबणीत काहीतरी अडकलं होतं. नखानं काढून त्यांनी ते तळहातावर घेतलं. तपकिरी, केसासारखा बारीक तंतू.

"हे तुह्यं रबर?"

"नहीं मावशी. मी कडी पालिशनं पुसतो. असलं काही वापरत नाही."

सावित्रीबाईंनी तो तंतू नाकाशी नेला आणि जिभेच्या टोकावर ठेवला. लखन बघतच राहिला. आंबट होता.

पदराच्या टोकात तंतू बांधून त्यांनी कैलाशला विचारलं, "तुले ही गाडी नको होती, असं ऐकलं मी."

कैलाश चिडला. "नको नोती कोन म्हटलं? मी फक्त म्हटलो का जुने दिवे कायले पाह्यजे, नवे एलईडी लावू. बाबूजी आठ दिवस बोल्ले नाही माह्याशी. मी कायले चोरीन, बाई? माह्याच घरची गाडी."

"बाबूजीच्या जिद्दीचा राग आला म्हणून."

कैलाश म्हणाला, "राग आल्ता. पर हे नाही केलं मी."

त्याच्या आवाजात खोट नव्हती, पण राग होता आणि तो सगळा मनीरामवर निघाला होता. सावित्रीबाई उठल्या. "घरात चला. तुमच्या घरात चहा तरी सापडते का पाहू."

३

चहा कैलाशनंच केला, कारण त्याची बायको रेणू सकाळच्या पहिल्या बसनं गोंदियाला बाजाराला गेली होती. चहा इतका वाईट होता की सावित्रीबाईंनी आपल्या घरच्या अर्ध्या कपाची मनोमन माफी मागितली.

पण स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. रेणू दोन वर्षांपूर्वी तिरोड्याहून सून म्हणून आली होती आणि घर हातात घेतल्यापासून तिनं ते आरशासारखं ठेवलं होतं. काल अष्टमीला घरातलं सगळं पितळ घासून निघालं होतं. समया, ताम्हण, कोपर, पाण्याचा गुंड, सगळं फळीवर ओळीनं चकाकत होतं. ओळीत एकच जागा रिकामी होती, आणि त्या जागी मोठ्या भांड्याच्या बुडाचा गोल उमटलेला होता.

"इथं काय राहते?"

"पितळेचा गंज, भात शिजवाचा," कैलाश म्हणाला. "रेणू घेऊन गेली गोंदियाले."

"बाजाराले जाताना गंज कायले नेला?"

"मले का मालूम? बायकांचं काम."

"तिले फोन लाव. चोरी झाली हे तरी सांग."

कैलाशनं फोन लावला, आणि तांदळाच्या डब्यामागून घंटी वाजली. रेणूचा फोन चार्जरला लावलेला होता.

सावित्रीबाई मागच्या दारानं विहिरीकडे गेल्या. दगडावर काल घासलेल्या भांड्यांचा राखेचा डाग अजून होता, कडेला चिंचेच्या चोथ्याचा गोळा वाळत पडला होता. त्यांनी तो चिमटीत उचलून कुस्करला. मग पदराची गाठ सोडून बघितली. तंतू तोच.

आता त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळू लागलं होतं, पण एक गोष्ट बसत नव्हती आणि ती होती मनीरामचं गाठोडं.

मनीराम आपल्या खोलीत होता. त्याचं सामान फार नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक, चादर, मालकानं कधीतरी दिलेला कोट. तो कोटाची घडी घालत होता आणि ती त्याला जमत नव्हती.

"मनीरामदादा, तुमी चोर नाही, हे मले मालूम आहे," सावित्रीबाई उंबऱ्यावर बसत म्हणाल्या.

"मंग बसा."

"पर वाट्या तुमीच नेल्या."

मनीरामचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही.

"कोनाले शब्द देल्ला का?"

त्यानं कोट तसाच ट्रंकेत ठेवला. बाहेर कुणाच्या तरी दारात मोटारसायकल धुवायचं पाणी वाहत होतं.

"तोंडातून काढलं त काढलं," तो शेवटी म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सारं ठीक होईन, असं ठरलं होतं. आजच पेटी उघडतील, हे कोनाले मालूम होतं?"

"मंग संध्याकाळपर्यंत थांबा ना. बस काऊन पकडता?"

आता मात्र त्यानं मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "कैलाश लेकरू आहे, बाई. मी त्याले खांद्यावर घेऊन मंडईची जत्रा दाखवली. लेकरू बोल्लं त बोल्लं. पर मालक चूप राह्यले. वाट्या सापडल्या त उद्या ते म्हणतीन, चोर नोता गा मनीराम. आज मले पाहून त्यांले तसं वाटलं नाही. मंग वाट्या सापडून का फायदा?"

"बस येवापर्यंत थांबा," एवढंच सावित्रीबाई म्हणाल्या. "माह्यासाठी."

"बस येवापर्यंत," मनीराम म्हणाला आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

४

सावित्रीबाईंनी खेमराज, कैलाश आणि लखन या तिघांना गोठ्यात बोलावलं आणि पेटीच्या कडेला उभं केलं.

"लखन, वाट्या नागपूरहून आणल्या तवा तू काय बोलला?"

"यही, के हात नहीं लगाना. चांदीचं पानी कागदाहून पातळ राहते. कापसानं पुसलं तरी ओरखडा येते."

"कोनाकोनाले सांगितलं?"

"सबको. बाबूजीले, कैलाशभाऊले, मनीरामकाकाले. इथंच, गोठ्यात. तिघंबी होते."

"रेणूले?"

लखन गोंधळला. "भाभीचा गाडीशी काय संबंध?"

"कैलाश, तू सांगितलं का? खेमराजदादा, तुमी?"

कैलाशनं नकारार्थी मान हलवली, खेमराजांनीही. गोठ्यातल्या गाईनं तेवढ्यात शेपटी आपटली.

"मंग ऐका," सावित्रीबाई म्हणाल्या. फलाटावर बयान घेताना त्या असाच आवाज लावत. "चोर असता त काच नेली असती. काच आहे. म्हणजे हे चोराचं काम नाही. काच धुतली आहे, कडी धुतली आहे, अन् कडीत चिंचेचा धागा अडकला आहे. म्हणजे कोनीतरी हे सारं पितळेच्या भांड्यासारखं चिंच अन् राख लावून घासलं. कोन घासन? तुमी तिघं नाही, मनीरामबी नाही. तुमाले चौघाईले मालूम होतं का हात लावाचा नाही. या घरात एकाच मानसाले मालूम नोतं. अन् अष्टमीले घरातलं पितळ घासाचं काम बी त्याच मानसाकडे होतं."

कैलाशचा चेहरा उतरला. "रेणू?"

"दसऱ्याले गाडीची पूजा. बिचारीनं विचार केला, बाबूजीची लाडकी गाडी आहे, दिवे बी चकचकीत करून ठेवू. मनीरामले न विचारता चाबी घेतली, काच धुतली, कडी धुतली. वाटीवर बोटाचा काळा डाग दिसला असन, तिनं चिंच लावली. अन् चांदी निघून खालून पिवळं पितळ वर आलं."

लखननं कपाळाला हात लावला. खेमराज खाटेच्या शोधात मागं सरकले आणि शेवटी गव्हाणीच्या कठड्यावर टेकले.

"आता सांगा," सावित्रीबाई म्हणाल्या, "पितळेचं भांडं आतून पांढरं करायचं असन त बाई काय करते?"

तिघंही पुरुष होते. तरी खेमराजांना आठवलं. "कल्हई," ते पुटपुटले.

"कल्हई. गंज नेला तो नुसता घरच्यांले दाखवाले. वाट्या तिच्या पिशवीत कैलाशले दिसल्या असत्या, म्हणून मनीरामनं गाठोड्यात बसपर्यंत पोचवल्या. नंदलालनं तेवढंच पाह्यलं. अन् संध्याकाळपर्यंत तोंड उघडणार नाही, असा शब्द त्यानं सुनेले देल्ला. तुमच्या सुनेले, खेमराजदादा. तिले कोनी बोलू नाही म्हणून तो तुमचं बोलणं खाऊन घेऊन राहिला."

कैलाश दाराकडे धावला.

"कुठं चाललास?"

"काकाकडे."

"रिकाम्या हातानं?" सावित्रीबाईंनी त्याची बाही धरली. "वाट्या हातात नसतील त माह्यं सारं बोलणं हवेतलं. गावानं चोर म्हटल्याचं ऐकलं आहे. गावाले वाट्या दिसल्या पाह्यजेत. मी गोंदियाले जातो. तू बस अडव."

"बस कशी अडवू?"

"ते तू पाहा," असं म्हणून सावित्रीबाईंनी रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोला हात केला.

५

कल्हईवाला आता वर्षातून एकदाच दिसतो. सारं जग स्टीलवर गेलं, पण दसरा-दिवाळीच्या आधी कुणीतरी आजीच्या काळचं पितळ बाहेर काढतं, आणि त्या दिवसांत सुकराम आपला भाता घेऊन गोंदियाच्या जुन्या बाजारात लिंबाच्या झाडाखाली बसतो. सावित्रीबाईंना तो वासावरून सापडला. नवसागराचा धूर नाकात गेला की माणूस विसरत नाही.

धुराच्या पलीकडे रेणू बसली होती आणि सुकरामशी हुज्जत घालत होती. दोघांच्या मध्ये दोन वाट्या होत्या. एक कल्हई होऊन पांढरी झालेली. दुसरी सुकरामच्या मांडीवर होती, आणि तिच्या बुडाच्या भोकावर त्यानं पितळेचा गोल तुकडा ठेवलेला होता.

"बाई, भोकवाला बर्तन कोई काम का नहीं," तो म्हणत होता. "मैं फुकट में बंद कर देता हूँ. त्योहार है."

"नाही म्हटलं ना काका, भोक राहू द्या."

"पानी गळन."

"पानी नाही टाकाचं त्याच्यात."

"मंग काय टाकाचं?"

"बल्ब," सावित्रीबाई मागून म्हणाल्या.

रेणूनं वळून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. घासता घासता चांदी हाताला काळी लागली तेव्हापासून तिनं अन्न घेतलं नव्हतं. बाबूजींचा चेहरा डोळ्यांपुढून हटत नव्हता. मनीरामकाकांनीच कल्हईची युक्ती सांगितली होती, त्यांनीच वाट्या बसपर्यंत आणून दिल्या होत्या. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. पुढचं तिला माहीत नव्हतं. ते सावित्रीबाईंनी सांगितलं.

"काकाले चोर म्हटलं?" रेणू उठून उभी राहिली. "माह्यामुळं?"

"तुह्यामुळं नाही. चार पुरुष गोठ्यात बसून बोल्ले अन् तुले सांगावं असं एकालेही वाटलं नाही, त्याच्यामुळं. पर ते भांडण मागून कर. सुकरामभाऊ, दुसरी वाटी लवकर करा. अन् भोक उघडं ठेवा."

सुकरामनं तुकडा बाजूला सारला. भात्यानं निखारे लाल झाले, वाटी तापली, कथलाचा तुकडा वितळला, नवसागर लावलेल्या कापसाचा बोळा आतून फिरला आणि पिवळ्या पितळेवर पांढरी झळाळी पसरत गेली. रेणू पुढं वाकून बघत होती. परतताना ऑटोत तिनं दोन्ही वाट्या पदरात घेतल्या होत्या, अजून कोमट असताना.

आणि रेल्वे फाटक लागलं. मालगाडी आली, ती संपता संपेना. फाटक उघडलं तोवर ऊन कलायला आलं होतं.

"बस गेली असन," रेणू म्हणाली.

सावित्रीबाईंनाही तसंच वाटत होतं.

६

कामठ्याच्या चौकात मात्र बस उभी होती. नुसती उभी नव्हती, अडकली होती. तिच्या नाकासमोर, रस्त्यात आडवी, डुक्कर फियाट होती. दिव्यांच्या जागी दोन भोकं, आत स्टिअरिंगला घट्ट धरून कैलाश, आणि मागच्या सीटवर खेमराज. गिअर कर्रकर्र वाजत होते. कैलाशला ती गाडी घरातून चौकापर्यंत आणता आली होती, पुढंही नेता येईना आणि मागंही.

"हटवा ना गाडी," बसचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणत होता.

"हटून नाही राहिली," कैलाश म्हणाला, आणि ते खरंही होतं.

बसमध्ये दारापासच्या सीटवर मनीराम ट्रंक मांडीवर घेऊन बसला होता. तो समोर बघत नव्हता, पण प्रत्येक कर्रकर्र आवाजाला त्याचा डावा पाय क्लच दाबावा तसा आपोआप खाली जात होता.

सावित्रीबाईंनी रेणूला पुढं केलं. रेणू वाट्या घेऊन बसमध्ये चढली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वाट्या मी घासल्या. चांदी मी काढली. काकानं फक्त माह्यी लाज राखली." मग ती मनीरामच्या पायाशी वाकली आणि रडू लागली. त्यानं घाईनं ट्रंक बाजूला सारून तिला उठवलं.

तिच्यामागून कैलाश चढला. बसमध्ये अर्धं गाव होतं. सकाळी कुंपणापाशी होती ती माणसंही होती. कैलाश मोठ्यानं बोलला. "मनीरामकाका चोर नाही. मी सगळ्यांपुढं चोर म्हटलो, त सगळ्यांपुढं सांगतो. मी चुकलो. काका, मले मारा, पर घरी चला."

"मी तुह्यावर रागावलो नाही, बाबू," मनीराम म्हणाला. पण उठला नाही.

सावित्रीबाईंना वाटलं, हा आता जाणार. वाट्या सापडल्या, गावानं ऐकलं, तरी जाणार. त्याला जे हवं होतं ते ऑटोत घालून आणण्यासारखं नव्हतंच.

तेवढ्यात फियाटचं मागचं दार उघडलं. खेमराज काठी टेकत उतरले, बसच्या पायऱ्या एकेक करत चढले आणि मनीरामच्या शेजारी जाऊन बसले.

"मी चूप राह्यलो," खेमराज म्हणाले. "मले माहीत होतं, तू चोरणार नाहीस. तरी एक घडी मनात आलं, अन् त्या घडीत तू मले पाह्यलं. त्याच्यावर मी काय बोलू? माफी बी कोनत्या तोंडानं मागू? तू जात असशीन त जा. मी बी येतो."

"कुठं येता, मालक?"

"तू जाशीन तिथं. चोरखमाऱ्याले." खेमराजांनी कंडक्टरकडे हात केला. "याचं जिथलं तिकीट आहे, तिथलंच माह्यं दे."

कंडक्टरनं मनीरामकडे बघितलं. मनीरामनं खेमराजांकडे बघितलं. या माणसाला बस लागते हे त्याला ठाऊक होतं. तिरोड्यापर्यंतसुद्धा ते कधी बसनं गेले नव्हते; चाळीस वर्षं जिथं जायचं तिथं या ना त्या गाडीनं मनीरामनंच त्यांना नेलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा आत्ताच, उभ्या बसमध्ये, पांढरा पडत चालला होता, आणि तरी तो सीटची दांडी धरून बसला होता.

"उतरा, मालक," मनीराम म्हणाला. "तुमाले बस लागते."

"लागू दे."

"उतरा म्हटलं ना. मी बी उतरतो."

मनीरामनं एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात मालकाचा दंड धरला आणि दोघं खाली उतरले. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबलं. मनीरामनं कैलाशला "हट, बाजूले हो" म्हणत फियाटचं दार उघडलं, आत बसला आणि एका झटक्यात गिअर टाकला. गाडी मुकाट्यानं रस्त्याच्या कडेला झाली. बस धूर सोडत निघून गेली.

दिवे लखननं तिथंच, चौकात जोडले. रबर बसलं, वाट्या बसल्या, बल्ब, काच, कडी. कल्हईची वाटी चांदीसारखा उजेड फेकणार नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दिवाळीनंतर नागपूरला नेऊन पुन्हा चांदी चढवू, पितळ शाबूत आहे, काही बिघडलं नाही. रेणू प्रत्येक वेळी मान डोलवत होती. कैलाश तिच्या शेजारी उभा होता आणि पहिल्यांदाच तिला विचारत होता की कोणत्या वस्तूला काय म्हणतात हे तुला कुणी सांगितलं का.

दिवेलागणीला मनीरामनं बटन ओढलं. दोन्ही दिवे लागले. उजेड पिवळसर, मऊ होता आणि नंदलालच्या टपरीपर्यंत कसाबसा पोचत होता. सावित्रीबाईंना त्या क्षणी त्याहून चांगला उजेड जगात असेल असं वाटलं नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की गुडघ्यांचंही भान राहिलं नाही.

मागच्या सीटवरून खेमराजांनी विचारलं, "कसा आहे उजेड?"

"मंद आहे, जी," मनीराम म्हणाला. "हळू हळू जाऊ."